आभाळातला दगड आणि रॉकेलचा बोळा

मुश्ताक सर गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं, त्याला आता पाच आठवडे झाले. जी गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली, ती आज लिहितो आहे... ज्यानं ऐकायला हवी तो माणूस उरला नाही, तेव्हा मला धीर आला. या धीराची मला चीड येते.

जानेफळच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे, मी रसायनशास्त्र. एका सकाळी त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, आभाळातून दगड पडला. लिंबाएवढा, कोळशासारखा काळा, ठिसूळ. सरांनी त्याला हातसुद्धा लावला नाही. चिमटा उकळून, वाळवून त्या चिमट्यानं दगड काचेच्या बरणीत ठेवला. अशा दगडांत कधी कधी पृथ्वीपेक्षाही जुनी कार्बनची संयुगं सापडतात. त्यांच्यात जड कार्बनचं प्रमाण इथल्या झाडापाल्यापेक्षा, जमिनीतल्या तेलापेक्षा बहुधा जास्त भरतं. त्यावरूनच ती वरची की इथली हे कळतं. हे सरांना मीच समजावलं होतं. प्रयोगशाळेचा पत्ता काढायला ते बुलढाण्याला गेले, तेव्हा बरणी दोन दिवस माझ्याकडे ठेवली. रसायनवाल्याचं घर म्हणून!

आभाळातून देव आला असं माझ्या आईनं धरलं. मी शाळेतून आलो तर दगड देवघरात, तेल-शेंदूर फासलेला. मी घाबरलो आणि रॉकेलच्या बोळ्यानं शेंदूर पुसून काढला. रॉकेल भेगांतून आत मुरणार, हे नववीच्या पोरालाही कळलं असतं. उन्हात वाळवून दगड बरणीत ठेवला, आणि सर बरणी न्यायला आल्यावर गप्प राहिलो.

काही महिन्यांनी प्रयोगशाळेचं पत्र आलं. दगड वरचाच, पण त्यातल्या संयुगांचा कार्बन रॉकेलशी जुळतो, नमुना निकामी. सरांच्या घरातच त्यांच्या भावाचं रॉकेलचं दुकान होतं. मग काय, शाळेत कुणीतरी म्हणालं, “काऊन सर, आभाळातही तुमच्याच भावाचं दुकान हाये काय?” सगळे हसले. मीही हसलो. सरांना मात्र ते खरंच वाटलं. भावानं निष्काळजीपणा केला, या रागातून त्यांनी त्याच्याशी बोलणं तोडलं. भाऊ वारला तोवर ते जुळलं नाही. माझ्या एका वाक्यानं जुळलं असतं... आणि मी रोज त्याच माणसाशेजारी बसून डबा खात होतो.

शेवटचा भेटलो तो पिंपळगाव राजा या गावी, त्यांच्या मुलीच्या घरी. आज सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. सर खाटेवर उशीला टेकून बसले होते. म्हणाले, “वानखेडे सर, तुमच्यापाशी दोन दिवस होता, तेवढाच तो सांभाळला गेला. माह्या घरी आला अन् नासला.”

‘मुश्ताक सर, रॉकेल मी लावलं होतं. तुमच्या भावाचा काही दोष नव्हता. मले माफ करा.’ एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, “चहा घ्या सर, थंडा होऊन राह्यला.”