सगळे म्हणजे किती

आईला काहीही सांगा, ती ते आधी परत म्हणायची. "चहा टाक" म्हटलं, की "चहा टाकायचा. दोन कप, एकात साखर नाही. बरोबर?" आपण "बरोबर" म्हणेपर्यंत गॅस पेटत नसे. बाबा म्हणायचे, "पोपटाशी लग्न केलं असतं, तर निदान मिरचीवर भागलं असतं."

सवय वीज उपकेंद्रातली. आई तिथे ऑपरेटर होती. लाईनमध्ये वीज सोडायची कळ तिच्या हाताशी. फोनवर आलेला निरोप शब्दन् शब्द परत म्हणायचा, समोरच्याने हो म्हटल्याशिवाय कळ दाबायची नाही, असा नियम. बाबा त्याच लाईनवर चढणाऱ्या टोळीचे मुकादम. त्यामुळे घरचं भांडण आणि कामावरचं, दोन्ही एकाच सुरात.

माळावर सौर पॅनेलं बसली होती, पण जुनी लाईन बारीक. ऊन ऐन भरात असताना तिला सगळी वीज पेलायची नाही. निम्मी पॅनेलं बंद ठेवावी लागत. "ताट वाढलंय आणि घास गिळवत नाही," आई चुकचुकायची. जाड तारांची नवी लाईन उभी राहिली, ती आईच्या निवृत्तीच्या आठवड्यात. ती सुरू करायचं काम साहेबांनी तिलाच दिलं. मीही बघायला गेले.

खोलीत अधिकारी उभे. फोन स्पीकरवर. काम चालू असताना तारा जमिनीला जोडून ठेवतात, ते अर्थिंग काढल्याचा निरोप यायचा होता.

"मुकादम बोलतोय. सगळे उतरले, अर्थिंग काढलं. सोड लाईन."

"सगळे उतरले, अर्थिंग काढलं. सगळे म्हणजे किती?"

"अगं, सगळे म्हणजे सगळे!"

"हा आकडा नव्हे. एकेकाला हाक मारा."

कुणीतरी हसलं. कुणी घड्याळाकडे पाहिलं. आई हलली नाही. तिकडे बाबा कुरकुरत हाका मारू लागले. "फिटर... वेल्डर... लंबू... नवरदेव? अरे, नवरदेव कुठाय?"

नवरदेव म्हणजे नुकतंच लग्न झालेला तारवाला. फोनवर नुसता वारा वाजत राहिला.

"थांब." बाबांचा आवाज पार बदलला होता. "वर आहे तो. पाना राहिला म्हणून परत चढलाय."

"एक माणूस वर. लाईन बंद," आई म्हणाली, चहाचं म्हणावं तशी. हात मांडीवर.

बऱ्याच वेळाने दुसराच आवाज आला. "उतरलो, वहिनी."

"तुम्ही उतरलात. आणि पाना?"

"तोही उतरला."

आता मात्र खोली मोकळेपणी हसली. आईने बाबांकडून सगळा निरोप पहिल्यापासून वदवून घेतला, परत म्हटला, आणि कळ दाबली. मीटरचा काटा चढत गेला. त्या दिवशी भर दुपारी माळावरचं एकही पॅनेल बंद ठेवावं लागलं नाही.

घरी आल्यावर बाबा स्वतःच ओट्याशी उभे राहिले. "दोन कप, एकात साखर नाही. बरोबर?"

काही वर्षांनी आई आजारी पडली. शेवटच्या दुपारी ऊन तिच्या तोंडावर आलं, तसे बाबा खिडकीशी गेले.

"पडदा ओढू?"

"पडदा ओढायचा. डावीकडचा. बरोबर?"

"बरोबर," म्हणून बाबा पडदा धरून थांबले.

"मग ओढा," आई म्हणाली.