मरायला नकार देणारी शांतव्वा

कुरुंदवाडची शांतव्वा कोल्हापूरच्या एका ऑर्केस्ट्रात एका सिनेमातल्या मिस रूबी या कॅबरे नाचणारीसारखी नाचायची. तसाच चकाकता गाऊन, तसाच हातमोजा सावकाश काढायचा. सिनेमात शेवटी हिरो 'पापी' रूबीला गोळी घालतो; ऑर्केस्ट्रातही नाच तसाच संपायचा. नाचाला शिट्ट्या मारणारे आमचे सज्जन लोक त्या गोळीला जास्त टाळ्या द्यायचे!

सत्त्याण्णव साली वडगावच्या जत्रेत हिरो झालेल्या ऑर्केस्ट्राच्या मालकानं, अंबादासनं, टिकल्यांचं पिस्तूल उडवलं. शांतव्वा पडलीच नाही.

"मर की गं!"

"न्हाय मरत. बघणार ह्ये, आन् पाप माझं व्हय? तुमीच मरा की, मालक!"

लोकांनी चपला फेकल्या. अंबादासनं तिला तिथंच हाकललं. पुढच्या जत्रेला मात्र मरायला एकही बाई मिळेना, तेव्हा गाऊन घालून अंबादासच स्टेजवर मेला. टाळी कुणी वाजवली नाही.