काचेपलीकडची सवत

शिवणवालीला सवत होती, आणि ती चक्क गोगलगाय होती.

नवरा मत्स्यालयात टाक्या सांभाळायचा. तिथल्या कोपऱ्यातल्या टाकीत उबदार समुद्रातली एक भलीमोठी गोगलगाय होती. शंखच हातभर लांब, आणि खाणं काय, तर तारामासे. घरी आला की हा बाबा दारातूनच सुरू व्हायचा. "आज मी गेलो आणि अख्खी बाहेर आली बघ. आधी सोंड, मग शिंगं."

शिवणवाली मशीनवरून मान वर करत नसे. बायकोने केस कापले तरी ज्याला महिनाभर पत्ता नव्हता, त्याला त्या बयेच्या शिंगांवरचे काळे पट्टे तोंडपाठ होते. "गोगलगाय अन् पोटात पाय," ती पुटपुटायची आणि मशीन आणखी जोरात हाकायची. जळून खाक होत होती बिचारी. पण सांगणार कुणाला? लोक हसून हसून लोळले असते.

मग नवरा टाकीच्या शिडीवरून पडला. पाय प्लास्टरमध्ये आणि जीव टाकीत. "ती उपाशी राहील गं," तो म्हणाला. "साहेबांना सांगून ठेवलंय. बदली माणूस मिळेपर्यंत तू जा."

सवतीला घास भरवायला जायचं म्हणजे कमालच झाली. तरी गेली, निदान तोंड तरी बघू म्हणून. बर्फातला तारामासा काढला आणि स्वयंपाकघरातल्या सवयीने नळाखाली खसाखसा धुतला. घाण तिला कुठेच खपत नसे. टाकीत सोडला. गोगलगाय ढिम्म. पुढच्या खेपेलाही तेच. आधी तिला बरं वाटलं, मग संताप आला. म्हणजे ही खरंच ह्यांच्यासाठी झुरतेय की काय?

"खाल्लं?" नवऱ्याने विचारलं.

"खाल्लं की."

ती तुमच्यासाठी उपाशी बसलीय, हे सुख ती त्याला मरेपर्यंत देणार नव्हती. पण गोगलगाय खरंच मेली तर तो आपलं तोंड पाहणार नाही, हेही तिला कळत होतं.

त्या पुढच्या खेपेला नळ कोरडा. तिने नाक मुरडून तारामासा तसाच, न धुता सोडला. पाण्याला वास लागला मात्र, शंख हलला. सोंड आली, पिवळी शिंगं आली, आणि बया सरपटत थेट तिच्या हाताखाली येऊन तारामाशावर चढून बसली.

शिवणवाली जवळजवळ धावतच घरी आली. मशीनवर बसून सुईत दोरा ओवता ओवता तिने सगळं सांगून टाकलं, खोटं बोलल्याचंही. "अहो, ती तुम्हाला ओळखत-बिळखत नाही. वासाला येते ती. माझ्याकडेसुद्धा आली."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे? मग एवढं कौतुक कशाचं होतं?"

नवऱ्याने पडल्या पडल्या पांघरूण छातीपर्यंत ओढलं. "वासाला का होईना, मी गेलो की ती बाहेर यायची. इथे मी दारात उभा राहून बोलत असतो, तू मान वर करत नाहीस."

गोगलगायीवर जळणं सोपं होतं. आता जळायला कुणी उरलंच नव्हतं. दोरा सुईतून निसटला. तिने मान वर केली, पण तो तोवर भिंतीकडे तोंड करून झोपला होता.