दोन वह्या आणि एक खोडकर देव

माझ्या वडिलांना भर गणेशोत्सवात, स्टेजवर, नऊ जणांनी मिळून बदडलं आणि प्रेक्षकांनी त्यावर टाळ्या वाजवल्या. या प्रसंगाला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

एवढं लिहायला मला तीस वर्षं लागली. (मी मुळात कमी बोलतो. लोकांना वाटतं, माणूस गंभीर आहे. गंभीर कसला! तोंड उघडलं तर हेच बाहेर पडेल, ही भीती.)

ऐंशीच्या दशकात आम्ही नेरुळच्या नव्या वसाहतीत राहायला आलो. बिल्डिंगा तयार, रस्ते अर्धे, आणि आमची वसाहत व शिरवणे गाव यांच्या मधोमध एक मोकळी जागा. आम्ही तिला पिच म्हणायचो. गावातली पोरं तिला खळं म्हणायची, कारण त्यांच्या आज्या-पणज्यांपासून तिथे भात झोडत आलेले. आम्ही स्टंप ठोकले की ते म्हैस आणून बांधायचे. म्हैस बरोबर गुड लेंग्थवर बसायची! यावरून तीन वर्षं भांडण चालू होतं. आमचा पुढारी शेखर, त्यांचा बाळाराम. दोघंही तालमीतले, दोघांचीही मान जाड आणि दोघांनाही मान वळवून एकमेकांकडे बघायचं नव्हतं.

त्या वर्षी गणपतीत आमच्याकडे नाटक होतं, पण स्टेज नव्हतं. गावाकडे स्टेज होतं, लाऊडस्पीकर होता, पण नाटक नव्हतं. म्हणून नाइलाजाने दोघांनी मिळून करायचं ठरलं. नाटक लिहिलेलं होतं मी. वय एकोणीस. पाच महाबली वीर आणि त्यांचे जुने वैरी चार राक्षस. एक खोडकर देव आकाशातून येऊन यांची त्यांच्याशी जुंपून देतो. शेवटी वीर आणि राक्षस वैर विसरतात, एक होतात आणि देवाला बदडून काढतात. शंख वाजतो, देव मरतो, पडदा! वसाहतीतल्या पाच जणांनी वीर व्हायचं, गावातल्या चौघांनी राक्षस. देव अर्थातच मी. (लेखकाने चांगली भूमिका दुसऱ्याला दिल्याचं तुम्ही कुठे पाहिलंय?)

अडचणी पहिल्याच तालमीत सुरू झाल्या. वीरांनी पॅंटवरून लाल चड्ड्या घातल्या, तेव्हा शेखरची आई म्हणाली, "मेल्या, ती आत घालायची म्हणून दहा वर्षं शिकवलं तुला!" बाळारामची आजी तर काठी टेकत स्टेजवरच चढली. "गनपतीपुढं देवाला मारताव? लाजा हायत का?" तिला मी समजावलं, "आजी, हा आपल्यातला देव नाही. दुसऱ्या ग्रहावरचा आहे." ती म्हणाली, "तिकडं नेऊन मारा मंग!"

पण खरी गोची वेगळीच होती. मध्यंतराआधी वीर आणि राक्षसांची लढाई होती. त्यात कोणीतरी हरून दुसऱ्याच्या पाया पडणं भाग होतं.

बाळारामने मला बाजूला घेतलं. "मधू, येक सांगतो. माझी सासुरवाडी दिवाळ्याच्या कोळीवाड्यातली. आख्खी म्हावऱ्याच्या टोपल्या ठेवून नाटक बघायला येनार. आमी कोनाच्या पाया पडनार नाय."

"नाही पडणार," मी म्हटलं.

संध्याकाळी शेखरने गाठलं. "मध्या, आपली नवी सोसायटी समोर बसणार. आपण त्या म्हैसवाल्यांच्या पाया पडायचं? जमणार नाय."

"नाही पडणार," मी म्हटलं.

आणि मी ते केलं, जे फक्त भित्रा लेखकच करू शकतो. दोन वह्या लिहिल्या! शेखरच्या वहीत राक्षस पाया पडतात. बाळारामच्या वहीत वीर पाया पडतात. तालमीत तो प्रवेश मी रोज वगळायचो. "तो थेट प्रयोगात करू, उत्स्फूर्त येतो," असं म्हणायचो. प्रयोगात काय करणार होतो? ते मला आजही सांगता येणार नाही.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी मी मंडपामागे कनात बांधत होतो. पलीकडून आवाज आला.

"तुज्या वहीत काय हाय, बघू."

"तुझी दाखव आधी."

मग पानं उलटल्याचा आवाज. 

"हा येडा दोघांना बनवतोय रे," शेखर म्हणाला.

"सोडायचा नाय त्याला."

"आत्ता नको. शेवटच्या सीनमध्ये. देवाला मारायचंच आहे ना? स्टेजवर मारलं की नाटक!"

"शंखवाल्याला सांगून ठेव. आपन इशारा केल्याबिगर शंख फुकायचा नाय."

आणि टाळी दिल्याचा आवाज आला. तीन वर्षांत पहिल्यांदा! मी जे नाटकात लिहिलं होतं, ते कनातीपलीकडे खरोखर घडत होतं. लेखक म्हणून माझा ऊर भरून यायला हवा होता. मी कनात अर्धवट सोडून सटकलो.

घरी येऊन मी पोट धरून आडवा झालो.

"काय झालं रे?" आईने विचारलं. आमच्याकडे पोटदुखीला ओवा असायचा. पण आईने माझ्याकडे नीट पाहिलं, आत गेली आणि एरंडेलाची बाटली घेऊन आली. "आ कर." दोन मोठे चमचे!

दारात अण्णा उभे होते. माझे अण्णा म्हणजे सरकारी कचेरीतले कारकून. गरीब माणूस. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ते एकदा झाड झाले होते. दोन तास हात पसरून उभे होते. झाडाला संवाद नव्हता, हे दुःख त्यांनी पस्तीस वर्षं जपलं होतं. माझ्या पाठांतराच्या वेळी ते पेपराआड ओठ हलवत बसायचे.

"मग आता देवाचं काम...?" अण्णांनी विचारलं. चेहऱ्यावर काळजी होती, पण डोळे!

इथे मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. आयुष्यभर नको तिथे गप्प बसलो, आणि नेमका तेव्हा बोललो. "अण्णा, तुम्हाला सगळं पाठ आहे ना?"

"तसं... कानावरून गेलंय," ते म्हणाले आणि त्यांनी पहिला प्रवेश एका दमात म्हणून दाखवला.

आमची अंगकाठी सारखी, आवाज सारखा. कागदाच्या लगद्याचा तो दात काढून हसणारा मुखवटा मी त्यांच्या हातात दिला. "घरूनच घालून जा. कुणाला सांगू नका. शेवटी मुखवटा काढलात की लोक चाट पडतील!"

एखाद्या मुलाने बापाला असं हसत हसत पाठवलं असेल का कुठे?

अण्णा गेले, आई पुढची जागा धरायला गेली. मी अर्धा तास छताकडे बघत पडलो. मग आईची शाल डोक्यावरून घेतली आणि गर्दीच्या मागे जाऊन उभा राहिलो.

अण्णा काय रंगले होते! देव नाचत होता, चिडवत होता, दिवाळ्याच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. पाया पडायचा प्रवेश वीर-राक्षसांनी परस्परच गाळला आणि सरळ हातात हात घातले. माझ्या पोटात आता खरंच काहीतरी सुरू झालं.

मग शेवटचा प्रवेश. नऊ जणांनी देवाला घेरलं.

धप्प!

मला आवाजावरूनच कळलं. नाटकातला ठोसा असा वाजत नाही.

"मूर्खांनो!" देव गरजला. धप्प! "मला कोणी" धप्प! "हरवू शकत नाही!" प्रेक्षक बेभान. अण्णा एकही शब्द गाळत नव्हते! शंखवाला शंख मांडीवर ठेवून मजा बघत होता. शंख वाजेना, म्हणून देव मरेना; आणि देव मरेना, म्हणून मार थांबेना!

"अण्णा, मरा!" मी ओरडलो. (सख्ख्या बापाला असं म्हणणाराही मी एकटाच असेन.) लाऊडस्पीकरपुढे कुणाला ऐकू जातंय! मी शाल सावरत धावलो, स्टेजच्या कडेला ठेचकाळलो आणि राक्षसांच्या पायात जाऊन पडलो. शाल निसटली.

बाळारामची मूठ हवेत थांबली. त्याने माझ्याकडे बघितलं, मग देवाकडे. "तू हिकडं, मंग ह्यात कोन हाय?"

देवाने सावकाश मुखवटा काढला. आत अण्णा! केस विस्कटलेले, डावा डोळा सुजायला लागलेला आणि चेहऱ्यावर असं हसू, जे मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं.

"अन्ना! तुमी?" बाळाराम मटकन खाली बसला. "काका, चुकलो!" शेखरनेही पाय धरले. आणि बघता बघता, सासुरवाडी नाही, सोसायटी नाही, पाच वीर आणि चार राक्षस सगळेच्या सगळे अण्णांच्या पायाशी! लोकांना वाटलं, शेवट हाच. टाळ्या थांबेनात. बाळारामची आजी उभी राहून म्हणाली, "आत्ता कसं! देवच जिकला!"

मला तिथेच फोडून काढलं असतं, पण एरंडेलाने त्याच क्षणी काम सुरू केलं आणि मी घराकडे जो पळालो, तसा जन्मात कधी पळालो नव्हतो.

पुढे पिचवर सकाळी क्रिकेट आणि दुपारनंतर म्हैस, असा तह झाला. मुखवटा आमच्या भिंतीवर लागला. पाहुणे आले की अण्णा सांगायचे, "नऊ जणांनी पाय धरले होते!" आणि मी उठून पाणी आणायला जायचो.

आता अण्णा पंच्याहत्तरीला टेकलेत. परवा धीर केला आणि सगळं सांगून टाकलं. ते चहा पीत होते. पीतच राहिले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "पहिल्याच ठोशाला बाळाराम कानात बोलला ना, 'दोन वह्या लिवतोस काय, मधू?' म्हणून."

"मग मुखवटा का नाही काढलात?"

"वेडा आहेस? पस्तीस वर्षांनी संवाद मिळाले होते. अजून दोन पानं बाकी होती."

 तीस वर्षांचं ओझं उतरलं! मी म्हटलं, "अण्णा, म्हणजे फसले कोणीच नाही?"

"छे! तुझा पोटदुखीचा अभिनय इतका टुकार होता की तुझ्या आईला बघताक्षणीच कळलं." त्यांनी कप खाली ठेवला. "उगाच का तिने ओव्याऐवजी एरंडेल काढलं?"