भरल्या गाडीचा मान

माले गावचा भिवाजी हट्टी माणूस. चांगली बैलगाडी चालत होती, पण गावातले बडे शेतकरी हैबतराव यांनी भाताच्या गोण्या पुण्याला न्यायला ट्रक घेतला आणि याच्या डोक्यात त्या ट्रकचा ड्रायव्हर व्हायचं भूत शिरलं.

आमच्याकडं गाडीवाल्यांचा एक रिवाज होता. समोरासमोर आलं की भरल्या गाडीनं आधी जायचं, रिकामीनं थांबायचं. भिवाजीनं हरण्या-पाखऱ्याची जोडी तशीच तयार केलेली. गाडी भरलेली असली की तिठ्यावर बैलं पाऊलसुद्धा आखडत नसत. त्याचा त्याला कोण अभिमान!

पुण्यात लायसनच्या परीक्षेला साहेब शेजारी बसले. चौकात डावीकडून विटांनी भरलेली बैलगाडी आली. भिवाजीनं रिकामा ट्रक थांबवला आणि गाडीवाल्याला हात केला, "जावा, जावा!"

"का थांबलास?" साहेब खेकसले. "जो उजवीकडून येतो, त्याला आधी जाऊ द्यायचं. तू त्याच्या उजवीकडं आहेस. मान तुझा!"

"पण सायेब, ती भरलेली हाय..."

झालं, नापास. हैबतरावांनी बजावलं, "आता नापास झालास तर शहरातला ड्रायव्हर आणीन." मग काय! बांधावरून चालतानाही गडी 'उजवा आधी, उजवा आधी' घोकायचा. बायको गोजराबाई वैतागली, "येड लागलंया का तुमास्नी?" पण दुसऱ्या खेपेला पास झाला. लायसन हातात पडलं आणि बैलजोडी त्यानं भरे गावच्या कुशाबाला विकली.

त्याच सुगीत तो रिकामा ट्रक घेऊन पौडकडं येत होता. तिठ्यावर डावीकडून कुशाबाची भरलेली गाडी येताना दिसली. भिवाजीनं मनात म्हटलं, मी उजवीकडचा, तो थांबेल. आणि ट्रक पुढं काढला.

गाडी थांबली नाही. हरण्या चाकाखाली आला.

हवालदार आले. त्यांनी रस्ता पाहिला, दोघांना विचारलं आणि म्हणाले, "ड्रायव्हरची चूक नाही. गाडीवाल्यानं थांबायला हवं होतं." हैबतरावांचा जीव भांड्यात पडला. "सुटलास लेका, लायसन वाचलं," ते म्हणाले.

कुशाबा मेलेल्या बैलाशेजारी बसून होता. हाताला कासऱ्यानं वळ उठले होते.

"वढला रं भिवा, लई वढला," तो म्हणाला. "थांबलीच न्हाईत बैलं."

"न्हाई थांबायची," भिवाजी म्हणाला. "मीच शिकवलंय त्यास्नी."

एवढं बोलून तो रस्त्यातच खाली बसला आणि हरण्याच्या मानेवरून हात फिरवत लहान पोरासारखा रडला. पाखऱ्या अजून जुवाखालीच होता. पुढं जायला ओढ घेत होता.