खिळ्यावरची किल्ली

पाण्याचे किस्से आम्हा चौघींकडे इतके साठलेत, की भेटलो की पाणी राहतं बाजूला आणि किस्सेच सुरू होतात! नव्वदच्या दशकातली गोष्ट. कळंब्याच्या पुढच्या एका हायस्कुलात आम्ही चौघीच शिक्षिका. संडासाला कुलूप आणि किल्ली हेडसरांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला. चारचौघांत ती मागायची कशी? म्हणून दहा ते पाच आम्ही पाणीच प्यायचो नाही.

*

पवार बाई सायन्स शिकवायच्या. 'रोज आठ ग्लास पाणी प्यावे' हे वाचून दाखवताना त्यांचाच घसा कोरडा पडला. पुढच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "बाई, तुमी कवा पितासा?"

*

मगदूम बाईंना लघवीला जळजळ सुरू झाली. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पिता?"

बाई म्हणाल्या, "रविवारी भरपूर!"

आम्ही हसलो खऱ्या, पण घरी गेल्यावर कुठे दुखतंय का म्हणून मी गुपचूप माझी कंबर चाचपून पाहिली.

*

हसू आटलं ते कांबळे बाईंच्या वेळी. सहावा महिना, आणि प्रार्थनेला उभ्या असताना त्या कोसळल्या. डॉक्टर रागावले, "तासातासाला पाणी प्या, न्हायतर बाळाला धोका हाय!"

बाई रोज सरांच्या दारापर्यंत जायच्या आणि तशाच परत यायच्या.

"मिळाली?"

"न्हाय. पावणं बसल्यात."

पाहुणे रोजच बसलेले असायचे. शिकवण्यात आमचं लक्ष लागेना. प्रत्येक तासानंतर एकच विचारणं, "बाळ हललं का गं?"

*

एका शनिवारी सरांच्या खोलीत शाळा कमिटीची मीटिंग ऐन रंगात आली होती. कांबळे बाई पाण्याचा तांब्या घेऊन आत शिरल्या. सगळ्यांदेखत, उभ्या उभ्या, घटाघटा रिकामा केला आणि हात पुढे केला. "सर, किल्ली द्या!"

सरांनी खिळ्यावरून काढून दिली.

आम्ही तिघी मागोमाग धावलो. मी किल्ली घातली, पण ती फिरेना. कुलूप गंजून गेलेलं! बाईंचा चेहरा पांढरा पडला. "लवकर करा की गं!" मी पायाजवळचा दगड उचलला. तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं आणि बाई आत पळाल्या.

आवाज ऐकून सर कमिटीसकट आले. त्यांनी तुटकं कुलूप पाहिलं. मग माझ्यापुढे हात करून म्हणाले, "किल्ली?"

मी दिली. ती त्यांनी परत खिळ्याला लावली.

कांबळे बाईंची पोरगी पुढे त्याच शाळेत पाचवीला आली. त्या तुटक्या कुलपाची किल्ली तेव्हाही खिळ्यालाच होती.