उन्हात ठेवलेली बाटली

लेखन हा माझा प्रांत नव्हे. उतारवयात हे धाडस करतो आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण एक राग गिळता गिळवत नाही.

"एकदा धरलं का मंग थांबत नाही," असे आमच्या वाशीमचे दातवाले बोट उगारून म्हणत. कवळीची हिरडी ज्या नव्या द्रव्याची करीत, त्याविषयी हे बोलणे असे. भुकटीत बाटलीतला उग्र वासाचा द्रव कालवला की बराच वेळ काही घडत नसे. मग तार सुटे, गोळा होई, आणि साच्यात घालून हलक्या आचेवरच्या पाण्यात ठेवला की दगडासारखा कठीण होई. कुणी घाई केली की खेकसत, "उकळी देऊ? आतून फोड येतीन. थे घालशीन तोंडात?"

युद्ध संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात ते माझ्या वडिलांची कवळी करीत होते. वडील शिक्षक. दात गेल्यापासून मुले त्यांच्या उच्चारांची नक्कल करीत. शाळेने बजावले होते : जूनपासून शब्द स्पष्ट आले पाहिजेत, नाहीतर घरी बसा.

मेणात दात बसवून झाले. "गुरुजी, आता फकस्त शिजवाचं राह्यलं," असे सांगून दातवाले शेलूबाजारला एका गिऱ्हाइकाच्या तोंडाचे माप घ्यायला गेले.

मुंबईहून मिनतवारीने मिळालेली त्या द्रवाची एकुलती बाटली ते काळ्या फडक्यात गुंडाळून रांजणाशी, गारव्याला ठेवीत. दातवाले ज्यांच्या खोलीत भाड्याने राहत, त्या घरमालकांना वास सोसेना. त्यांनी फडके सोडून ती वैशाखाच्या उन्हात कठड्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी दातवाले परतले, बाटली उपडी केली. थेंब पडला नाही. आतल्या द्रवाने उन्हाच्या तापाने, भुकटीवाचूनच धरले होते; काचेसारखा कठीण गोळा झाला होता.

"मालक, काहून हात लावला?"

"घर नासवून राह्यला तुमचा वास. अन् फोडली काय म्या? अख्खी तं हाय शिशी. दुधाचं दही झालं म्हना."

"मंग दह्याचं दूध करून द्या मले."

ओट्यावरचे सगळे हसले. वडील तिथेच उभे होते. त्यांनी उपरणे तोंडाशी धरले.

जूनपर्यंत दुसरी बाटली आली नाही. वडिलांची शाळेतली नोकरी सुटली. पुढे घरातही ते खुणांनीच बोलत. दातवाल्यांना मालकांनी खोली खाली करायला लावली. मेणातले दात आमच्या कोनाड्यात ठेवून ते म्हणाले, "शिशी भेटली का येतो, गुरुजी." ते आले नाहीत.

काच फोडून काढलेला तो पारदर्शक गोळा मालकांच्या घरी अजून आहे. लग्नकार्यात पाहुण्यांना तो दाखवतात, दुधा-दह्याचा किस्सा सांगतात, आणि पंगत हसते. वाचकहो, यात हसण्यासारखे काय आहे?